लाकडी मुठीचा घडीचा चाकू सारखा गंजतो, अडकतो किंवा बोथट होतो: पोलाद बदलण्याआधी करायच्या तपासण्या

लाकडी मुठीचा स्वस्त घडीचा चाकू माझ्याकडे दुरुस्तीला येतो, तेव्हा त्याच्या मालकाचा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो. कार्बन स्टीलचे पाते गंजले म्हणून पुढचा चाकू स्टेनलेसचा घ्यायचा असतो, किंवा स्टेनलेसचे पाते धार धरत नाही म्हणून कार्बनकडे वळायचे असते. चाकू उघडून नीट पाहिल्यावर मात्र दोष पोलादापेक्षा मुठीतल्या ज्या खाचेत पाते मिटते तिथे साठलेल्या ओलाव्यात, सांध्यात अडकलेल्या घाणीत किंवा अर्धवट लावलेल्या धारेतच अधिक वेळा सापडतो. तो तसाच राहिला तर नव्या पात्यालाही तेच दिवस येतात. म्हणून खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्या कामांपासून खर्चिक आणि अवघड कामांपर्यंत अशा क्रमाने मांडल्या आहेत, आणि पोलादाच्या निवडीचा प्रश्न शेवटी घेतला आहे.

लक्षणे

पात्यावर करडे, निळसर किंवा काळपट डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. पात्यावर तांबूस ठिपके येतात, विशेषतः मुठीलगतच्या भागावर, आणि साफ केले तरी काही दिवसांत त्याच जागी परत उमटतात. स्टेनलेसच्या पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसतात. धुतल्यानंतर किंवा दमट हवेत चाकू उघडताना नख मोडायची वेळ येते आणि कोरड्या दिवसांत तोच चाकू सैल वाटतो. पाते अडकवून ठेवणारी फिरती कडी करकरते किंवा अर्ध्यावरच थांबते. धार लावून दोन-चार वेळा वापरला की चाकू पुन्हा बोथट होतो. उघडलेले पाते बाजूला हलते.

यांतली दोन-तीन लक्षणे बहुधा एकत्रच दिसतात, आणि ती एकत्र दिसण्यामागे लाकूड असते.

फक्त पाहून कळणाऱ्या गोष्टी

प्रथम पाते कोणत्या पोलादाचे आहे याची खात्री करावी, कारण अनेकांना ते ठाऊक नसते. पात्यावर ‘इनॉक्स’ असा ठसा असेल तर ते स्टेनलेस आहे. ठसा झिजून गेला असेल तर चुंबक लावून पाहण्यात अर्थ नाही. भांड्यांचे बरेचसे स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही हे खरे असले, तरी चाकूच्या पात्याचे स्टेनलेस उष्णतेने कठीण करता यावे अशा जातीचे असते आणि ते कार्बन स्टीलइतकेच घट्ट चिकटते. त्याऐवजी पाते पुसून कोरडे करून, धारेपासून दूर, पाठीजवळ लिंबाच्या रसाचा एक थेंब ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांनी तो पुसल्यावर करडा डाग उरला तर पाते कार्बन स्टीलचे आहे. स्टेनलेसवर खूण राहत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. पात्यावरून पांढरे सुती फडके दाबून फिरवावे. फडक्यावर तांबूस-तपकिरी भुकटी आली तर तो गंज आहे. फडके जवळपास स्वच्छ राहिले आणि पाते करडे-निळसर दिसत असेल तर कार्बन स्टीलवर वापराने चढणारा तो काळसर थर आहे. कांदा, टोमॅटो, लिंबू, सफरचंद यांतील आम्लांमुळे तो हळूहळू तयार होतो, पात्याला घट्ट धरून राहतो आणि गंजाचा वेग थोडा कमी करतो. तांबडा गंज मात्र सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि आपल्याखालचे लोखंड खात राहतो. या दोन्हींतला फरक न कळल्यामुळे कित्येक जण काळसर थर आठवड्याला घासून काढतात, उघडे पोलाद पुन्हा हवेला देतात, आणि मग पाते सारखे खराब होते अशी तक्रार करतात. पाते करडे झाले आहे एवढेच लक्षण असेल तर पुढचे काही करण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट जागेची. तांबूस ठिपके संपूर्ण पात्यावर विखुरलेले असतील तर पाते ओले राहते, किंवा घामाच्या हाताने हाताळून तसेच ठेवले जाते. ते केवळ मुठीलगत आणि मिटल्यावर खाचेत लपणाऱ्या धारेवर असतील तर ओलावा खाचेत आहे. पात्याची एकच बाजू गंजली असेल तर ती बाजू लाकडाला घासत असते. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवण्याची सवय असेल तर तीही थांबवावी. चामडे ओलावा धरते, आणि त्याच्या कमावणीतली आम्ले व क्षार पात्याला लागतात.

चाकू उघडा ठेवून वाट पाहणे

या तपासणीला काहीही खर्च येत नाही, तरीही हीच सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. चाकू पूर्ण उघडून, खाचेचे तोंड खाली करून, वारा लागेल अशा सावलीच्या जागी तीन-चार दिवस ठेवावा. उन्हात, चुलीजवळ किंवा ओव्हनमध्ये ठेवू नये. लाकूड एका बाजूने झपाट्याने वाळले की तडकते. या काळात घडी मोकळी झाली तर लाकूड फुगले होते हे सिद्ध होते, आणि कानस हातात घेण्याचे कारण उरत नाही.

असे का होते हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे जातात. लाकूड ओलाव्याने लांबीत जवळजवळ वाढत नाही, ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. अशा मुठींसाठी सर्रास वापरले जाणारे बीचचे लाकूड या बाबतीत विशेष चंचल आहे. मुठीच्या ज्या टोकाला पाते बसते, तिथे लाकडाच्या उभ्या नळ्या कापल्या जाऊन त्यांची तोंडे उघडी पडलेली असतात आणि पाणी नेमके तिथूनच सर्वांत वेगाने आत शिरते. त्याच टोकाभोवती धातूचे बूच घट्ट बसवलेले असेल तर फुगलेल्या लाकडाला बाहेर सरकायला जागा मिळत नाही. मग ते आतल्या बाजूला सरकते आणि पात्याला चिमट्यासारखे धरते. घडी घट्ट होते ती अशी, आणि पात्याच्या मुळाशी ओले लाकूड दाबून बसल्यामुळे गंजही तिथेच धरतो. स्टेनलेस घेतल्याने यातला गंज कमी होईल, घडी मात्र तितकीच घट्ट राहील.

घट्ट झालेला चाकू उघडण्यासाठी पक्कड वापरू नये, कारण तिच्या दातांचे ओरखडे पुढे गंजाला जागा देतात. फ्रान्सच्या सव्हॉय भागात, जिथे जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये या जातीचा सर्वांत परिचित चाकू घडवला, एक जुनी युक्ती प्रचलित आहे. कडी मोकळी करून मुठीच्या मागच्या टोकाचा खाचेकडचा कोपरा टेबलाच्या कडेवर आपटतात आणि त्या झटक्याने पाते नखात धरण्याइतके बाहेर येते. बोटे खाचेच्या तोंडावर नाहीत याची खात्री मात्र आधी करावी.

खाच, कडी आणि सांधा साफ करणे

वाळवूनही चाकू अडत असेल, किंवा वाळवल्यावर मोकळा होऊन लगेच पुन्हा घट्ट होत असेल, तर खाचेत काहीतरी साठलेले असते. धारेवर कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी, कारण अर्धवट उघडलेले पाते अचानक मिटते तेव्हा बोट मध्येच असते. बांबूच्या काडीने किंवा दात कोरण्याच्या काडीने खाचेचा तळ सांध्यापासून बाहेरच्या दिशेने खरवडावा. फळांचा वाळलेला रस, खिशातले धागे, लाकडाचा भुसा आणि तेलाचा चिकट गोळा यांचे करडे मिश्रण त्यातून निघते. हे मिश्रण स्पंजाप्रमाणे पाणी धरते आणि चाकू मिटला की धार थेट त्यावर टेकते. धारेवर गंजाची बारीक रेघ उमटते ती बहुधा याच्यामुळे. त्यानंतर कोरड्या टूथब्रशने सांध्याजवळचा भाग झाडावा. या कामासाठी खाचेत पाणी ओतू नये.

फिरती कडी असलेल्या चाकूत कडीखालीही वाळूचे कण अडकतात. ओपिनेलच्या चाकवांत ही कडी १९५५ पासून आहे आणि इतर अनेक उत्पादकांनीही तशीच व्यवस्था स्वीकारली आहे. कडी आधी न काढता, तिच्या फटीत कोरडा ब्रश फिरवून आणि ती पुढे-मागे फिरवून पाहावे. एवढ्यानेच करकर थांबते असा माझा अनुभव आहे. कडी काढण्यासाठी सर्कलिप, म्हणजे स्प्रिंगसारख्या उघड्या कड्या, फाकवण्याची पक्कड लागते, आणि निसटलेली कडी डोळ्याच्या दिशेने उडू शकते, म्हणून चष्मा लावल्याशिवाय ते काम करू नये. कडी गरजेपेक्षा जास्त फाकवली तर ती सैल बसते, आणि सैल कडी पात्याला धरून ठेवत नाही.

सांधा साफ झाल्यावर त्यात खाद्यदर्जाच्या खनिज तेलाचा एकच थेंब सोडून पाते वीस-पंचवीस वेळा उघडावे-मिटवावे आणि बाहेर आलेले काळे तेल पुसून टाकावे. स्वयंपाकाचे तेल येथे चालत नाही. ते हवेने घट्ट होऊन चिकट होते आणि महिन्याभरात जी घाण काढली तिचीच पुन्हा सुरुवात होते.

गंज काढणे

वरवरचा गंज खाण्याचा सोडा आणि थोडे पाणी यांच्या दाट लेपाने निघतो. पाते फळीवर सपाट टेकवून, बाटलीच्या बुचाला लेप लावून पाठीकडून धारेकडे घासावे. धारेच्या दिशेला बोट येऊ देऊ नये. कार्बन स्टीलवर गंज हट्टी असेल तर अत्यंत बारीक लोखंडी लोकर वापरता येते. स्टेनलेसवर ती वापरू नये. तिचे तुटलेले सूक्ष्म धागे पृष्ठभागात अडकतात, ते स्वतः गंजतात, आणि चांगले पातेच गंजल्यासारखे दिसू लागते. त्यासाठी नायलॉनची घासणी पुरते.

स्टेनलेसच्या पात्यावरचे काळे खड्डे हा प्रकार वेगळा आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा पोलादाला हवेपासून वाचवतो. ओरखडा पडला तरी तो पापुद्रा आपोआप पुन्हा धरतो, पण मिठातील क्लोराइड तो जागोजागी भेदतो आणि तिथे खोल, अरुंद खड्डा पडतो. चाकू खारट पाण्यात, लोणच्याच्या रसात किंवा क्लोरीनयुक्त साफसफाईच्या द्रवात राहिला का, हे अशा वेळी विचारावे. खड्डा घासून जात नाही. तो धारेपासून दूर असेल तर तसाच सोडावा, आणि धारेवर असेल तर धार त्याच्या मागे जाईपर्यंत पाते घासावे लागते.

गंज निघाल्यावर कार्बन स्टीलचे उघडे पोलाद तसेच सोडू नये. तेलाचा पुसट हात फिरवणे पुरेसे आहे. ज्यांना काळसर थर मुद्दाम चढवायचा असेल त्यांनी पाते साबणाने धुऊन तेलकटपणा पूर्ण काढावा आणि कोमट व्हिनेगरने भिजवलेल्या कागदी रुमालात ते पंधरा-वीस मिनिटे गुंडाळून ठेवावे. त्यानंतर सोड्याच्या पाण्याने पुसून लगेच कोरडे करावे. रुमाल सांध्यापासून बोटभर दूर राहिला पाहिजे. पाते व्हिनेगरच्या पेल्यात उभे केले की ते सांध्यापर्यंत चढते, खाचेत शिरते, आणि मग आतून गंज सुरू होतो. हा थर संरक्षक असला तरी अभेद्य नाही. त्याच्या भरवशावर चाकू ओला मिटवला तर तो गंजणारच.

धार टिकत नाही तेव्हा

ही तक्रार स्टेनलेसच्या वाट्याला जास्त येते, आणि तिचे कारण बहुधा धारेवर वळून राहिलेला धातूचा बारीक पापुद्रा, म्हणजे बर, हे असते. दगडावर घासताना धातू धारेच्या दुसऱ्या बाजूला वळतो. कार्बन स्टीलमध्ये तो सहज तुटून पडतो, तर स्टेनलेसमध्ये चिवटपणे लोंबत राहतो. त्याच्यामुळे चाकू सुरुवातीला कागद सुरेख कापतो, पण दोन-चार फळे चिरली की तो पापुद्रा आडवा पडतो आणि चाकू बोथट वाटतो. अंगठ्याची कड पाठीकडून धारेकडे, धारेला ओलांडून, हलकेच नेल्यास एका बाजूला तो खरखरीत लागतो. प्रत्येक बाजूला सुमारे २० अंशांचा कोन राखून, दाब कमी कमी करत, बाजू बदलत बारीक दगडावर हात फिरवावा आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर पाते मागे ओढावे. एवढे केल्यावर स्टेनलेसबद्दलचे अनेकांचे मत बदललेले मी पाहिले आहे.

विजेच्या चाकावर धार लावू नये. पातळ पाते काही सेकंदांत तापते, धारेजवळ आधी पिवळसर आणि सुमारे ३०० अंश सेल्सियसला निळा रंग उमटतो. तो दिसला की तिथल्या पोलादाचा कठीणपणा उतरलेला असतो. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. कार्बन स्टीलला हा धोका अधिक आहे.

लाकडाला हात लावणे

येथून पुढे केलेले काम मागे घेता येत नाही. लाकूड पूर्ण वाळलेले असूनही पाते घासत असेल तरच खाच रुंद करावी. पोस्टकार्डाच्या जाडीच्या पुठ्ठ्यावर २४० क्रमांकाचा पॉलिश पेपर चिकटवून, जिथे लाकडावर पात्याची चमकदार रेघ दिसते तेवढ्याच जागी पाच-सहा वेळा घासावे आणि दर वेळी घडी तपासावी. ओल्या दिवसांत मोकळी केलेली खाच कोरड्या दिवसांत पात्याला सैल सोडते, म्हणून थोडा घट्टपणा राहू देणे शहाणपणाचे असते.

मुठीला तेल पाजल्याने पाणी शोषण्याचा वेग कमी होतो, पण थांबत नाही. बाहेरच्या पृष्ठभागावर आणि खाचेच्या भिंतींवर कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर उरलेले तेल पुसावे, आणि लाकूड कोरडे होईपर्यंत चाकू उघडा ठेवावा. यास अनेक दिवस लागू शकतात. हे तेल सुकून घट्ट होत असल्यामुळे सांध्यात जाऊ देऊ नये. दुकानात ‘उकळलेले’ म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात सहसा धातूंचे क्षार मिसळलेले असतात, म्हणून ते खाण्याच्या चाकूवर नको. आणखी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी: जवसाच्या तेलाची चोळामोळा केलेली फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावीत.

येथे थांबावे

उघडलेले पाते कडी फिरवल्यावरही मिटत असेल तर चाकू वापरणे त्याच क्षणी बंद करावे. पाते ज्यावर फिरते तो सांध्यातला खिळा सैल झाल्यामुळे ते बाजूला हलत असेल तर हातोडीने तो ठोकण्याचा मोह टाळावा. खिळ्याच्या खाली लाकूड आहे आणि एका चुकीच्या घावाने मूठ उभी चिरते. हे काम चाकू बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे आहे. सांध्यापासून निघालेली लाकडातली चीर, मिटल्यावर बाहेर डोकावणारे टोक, वाकलेले पाते आणि धारेत खोलवर गेलेले खड्डे यांबाबतही हेच लागू आहे. फक्त धार बिघडली असेल तर धार लावणारा पुरे, मात्र तो पाण्याचा दगड किंवा पाण्याने थंड राहणारे चाक वापरतो याची चौकशी करावी.

या चाकवांची किंमत पाहता खिळा आणि मूठ बदलण्याची मजुरी नव्या चाकूइतकी होऊ शकते. कारागिराने तसे स्पष्ट सांगितले तर त्याचे ऐकावे, आणि पोलादाच्या प्रश्नाला खरी सुरुवात तेव्हाच होते.

पुढचे पाते कोणते

ओपिनेलचे उदाहरण उपयोगी आहे, कारण तोच चाकू दोन्ही पोलादांत मिळतो. त्याच्या कार्बन स्टीलमध्ये सुमारे ०.९ टक्के कार्बन असतो. स्टेनलेस पाते स्वीडिश १२सी२७ या पोलादाच्या एका प्रकाराचे असून त्यात सुमारे १४ टक्के क्रोमियम आणि कार्बन स्टीलपेक्षा बराच कमी कार्बन असतो. दोन्हींच्या कठीणपणात वापरताना जाणवेल असा मोठा फरक नाही. कार्बन स्टील दगडावर लवकर कापले जाते आणि बर सहज सोडते, म्हणून ज्याला स्वतः धार लावायची आवड आहे आणि पाते पुसून ठेवण्याची सवय आहे, त्याला ते सुखाचे जाते. लाकूड कोरणे, दोरी कापणे अशा कोरड्या कामासाठी मी तेच सुचवतो. नव्या कार्बन पात्याने चिरलेल्या फळाला धातूची चव लागते आणि कापलेली कड काळवंडते, हे घेण्याआधी ठाऊक असावे.

डब्यासोबत, प्रवासात, मासे साफ करायला किंवा घरातल्या अनेकांच्या हाती जाणार असेल तर स्टेनलेस घ्यावे, कारण सगळे जण पाते पुसतीलच असे नाही. वरच्या तपासण्या करूनही केवळ पात्यावर गंज परत येत राहिला तरीही स्टेनलेसच योग्य. खाऱ्या पाण्याजवळ वापरल्यास मात्र स्टेनलेसही दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करावे लागते. तक्रार घट्ट घडीची असेल तर पोलादाची पाटी वाचत बसण्यापेक्षा नवा चाकू हातात घेऊन पाते खाचेच्या मधोमध बसते का, मुठीच्या लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ धावतात का, आणि कडी दोन्ही टोकांपर्यंत एकसारख्या दाबाने फिरते का, हे पाहून तो घ्यावा.